संगणक बंद होतांना

गेल्या पावसाळ्यांत, या अंकाचें साहित्य गोळा करीत असतांना, आमच्या संगणकाच्या खोलींत एक लहानसा प्रकार घडला, आणि त्यांतून आजचा हा पाठ निघाला. विद्यार्थ्यांचे लेख, कविता व छायाचित्रें एका पेन-ड्राइव्हवर एकत्र करण्याचें काम नववींतील एका मुलाकडे दिलें होतें. शनिवार होता, शाळा लवकर सुटावयाची होती. त्यानें क्रीडादिनाचीं सगळीं छायाचित्रें पेन-ड्राइव्हवर उतरविलीं. पडद्यावरील पट्टी भरत गेली व नाहींशी झाली. मग सातवींतील एका मुलीनें त्याच यंत्रापाशीं बसून आपली कविता थेट त्या पेन-ड्राइव्हवर टंकून जतन केली. ती उठतांच मुलानें संगणक बंद करण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटली, आणि तिच्या शेजारीं सेकंद मोजले जाऊं लागले. वीस झाले, तीस झाले. बाहेर गाडीचा कर्णा वाजत होता. यंत्र अडकलें असें समजून मुलानें विजेचें बटण दाबून धरलें, व चार-पांच सेकंदांत सर्व कांहीं शांत झालें.

सोमवारीं छापखान्यांत पेन-ड्राइव्ह उघडला तेव्हां कवितेची फाईल जागेवर होती, तिचें नांवहि ठीक होतें. आंत मात्र एकहि अक्षर नव्हतें. छायाचित्रांची दुसरी प्रत आमच्यापाशीं होती. कवितेची नव्हती. मुलीला पहिल्या चार ओळींपुढें कांहीं आठवेना, आणि अर्धी कविता छापूं नका असें तिनेंच आम्हांस येऊन सांगितलें. म्हणून ती या अंकांत नाहीं.

त्या मुलावर आम्ही रागावलों नाहीं. संगणक चालू कसा करावा हें आम्ही पहिल्या तासालाच शिकवितों; तो बंद होतांना आंत काय चाललेलें असतें हें आम्हीं कधींच सांगितलें नव्हतें. तें आतां सांगतों. आमच्या खोलींतील यंत्रें लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात, म्हणून उदाहरणहि तिचेंच घेतों. फिनलंडमधील हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिण्यास आरंभ केला. तिच्या पुष्कळशा चालीरीति मात्र त्याहून जुन्या अशा युनिक्स प्रणालीच्या आहेत, जी १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली.

प्रथम एक शब्द समजून घ्यावा लागेल. पुस्तकांत लिहून ठेवलेली पुरणपोळीची कृति म्हणजे प्रोग्रॅम. चुलीवर प्रत्यक्ष चाललेला स्वयंपाक म्हणजे प्रोसेस, जिला आपण प्रक्रिया म्हणूं. एकाच कृतीवरून दोन घरीं एकाच वेळीं पोळ्या होऊं शकतात. तशाच एका प्रोग्रॅमच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळीं चालूं शकतात. तुम्ही यंत्रापुढें बसून नुसता निबंध लिहीत असलां तरी पडद्यामागें शंभराहून अधिक प्रक्रिया चालू असतात: कोणी घड्याळ सांभाळते, कोणी जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रांशीं बोलते, कोणी छापण्याच्या यंत्राची वाट पाहत बसलेली असते. प्रत्येकीला एक क्रमांक असतो. पहिला क्रमांक ज्या प्रक्रियेचा, तिला कर्नेल स्वतः सुरू करतो, आणि आपण वापरतों त्या बाकीच्या सर्व प्रक्रिया तिच्यापासून किंवा तिच्या वंशजांपासून जन्मतात. तिला वसतिगृहाची मुख्य व्यवस्थापिका म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां कोणी विचारील, बंदच करावयाचें तर वीज तोडली म्हणजे झालें. एवढा सोहळा कशाला? याचें उत्तर स्मृतींत आहे. चकतीवर किंवा पेन-ड्राइव्हवर लिहिणें हें संगणकाच्या मानानें फार मंद काम. म्हणून तुम्ही ‘जतन करा’ म्हटलें कीं कर्नेल तो मजकूर बहुधा आपल्या जलद स्मृतींत ठेवून घेतो, ‘झालें’ म्हणून सांगतो, आणि खरें लिहिणें मागाहून सावकाश करतो. ठराविक मांडणींत कर्नेलचा कारकून दर पांच सेकंदांनीं जागा होतो, व ज्या मजकुरास तीस सेकंद होऊन गेले तो चकतीकडे रवाना करतो. दुकानदार दिवसभर कच्च्या वहींत टिपतो आणि रात्रीं पक्की खतावणी लिहितो, तसेंच हें. कच्ची वही विजेवर जगते. वीज गेली कीं तीहि गेली. शिवाय कित्येक प्रोग्रॅम आपलें कांहीं लिखाण कर्नेलच्या हातींहि न देतां स्वतःपाशींच राखून असतात. हीं दोन्हीं ओझीं उतरवून घेतल्यावांचून यंत्र बंद करणें म्हणजे हिशेब बुडविणें होय.

तेव्हां बंद करण्याच्या कामाचा मुख्य भाग म्हणजे इतक्या सगळ्या प्रक्रियांना ‘आटपा’ असें कळविणें. हें संकेतांनीं होतें. संकेत म्हणजे, थोडक्यांत, एक आंकडा. त्यांपैकीं दोन आपल्या कामाचे. पंधराव्या संकेताचें नांव टर्म, नवव्याचें किल.

टर्म ही विनंति आहे. ज्यानें प्रोग्रॅम लिहिला त्यानें आधींच ठरवून ठेवलेलें असतें कीं हा संकेत आला म्हणजे काय करावें: हातांतील लिखाण पुरें करावें, फाईल मिटावी, तात्पुरतीं टिपणें पुसावीं, पलीकडच्या यंत्राचा निरोप घ्यावा, व मग आपण होऊन थांबावें. कांहीं ठरविलेलें नसेल तर कर्नेल ती प्रक्रिया तेथेंच संपवितो. पण प्रोग्रॅमला या संकेताकडे काणाडोळा करण्याचीहि मुभा आहे, आणि कित्येक तसें करतात. ज्या खिडकींत आपण आज्ञा टंकतों तेथील बॅश हा प्रोग्रॅम, समोर माणूस बसलेला असतांना, टर्मला मुळींच दाद देत नाहीं. त्याला उठविण्यासाठीं पहिला संकेत पाठवावा लागतो, ज्याचें नांव हप. पूर्वीं दूरच्या संगणकाशीं दूरध्वनीच्या तारेनें बोलत, व पलीकडच्यानें फोन खालीं ठेवला कीं हा संकेत येई. तें नांव अजून चिकटून राहिलें आहे.

किल हा संकेत निराळ्या जातीचा. तो अडवितां येत नाहीं, टाळतां येत नाहीं, आणि खरें म्हणजे प्रोग्रॅमपर्यंत पोहोंचतच नाहीं. कर्नेल त्या प्रक्रियेला पुन्हा एकहि पाऊल टाकूं देत नाहीं. तिची स्मृति परत घेतो, तिनें उघडलेल्या फाईली मिटतो, आणि कारभार आटोपतो. तिच्या स्वतःच्या मनांत जें अर्धें वाक्य होतें तें अर्धेंच नाहींसें होतें. येथें एक नांवाचा घोटाळा सांगून ठेवतों. कोणताहि संकेत पाठविण्याच्या आज्ञेला लिनक्समध्यें ‘किल’ म्हणतात, आणि आंकडा न दिल्यास ती आज्ञा सौम्य असा पंधरावा संकेत पाठविते! नांव ठेवणारांनीं थोडा अधिक विचार केला असता तर आमच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ वांचला असता. असो.

आतां क्रम. वसतिगृहांत राहिलेल्या मुलांना हें सांगण्याची गरज नाहीं कीं रात्रीं दिवे एकदम मालवीत नाहींत. आधीं घंटा होते, मग थोडा वेळ मिळतो, मग फेरी. संगणकांतहि ‘शटडाउन’ ही आज्ञा वेळ नेमून दिल्यास यंत्रावर काम करीत असलेल्या सर्वांच्या आज्ञाखिडक्यांत सूचना झळकते, आणि शेवटचीं पांच मिनिटें उरलीं कीं सामान्य लोकांना नव्यानें प्रवेश बंद होतो. नेमलेली वेळ झाली म्हणजे पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया फेरीस निघते.

फार वर्षें ही फेरी जुन्या वळणाची होती. प्रत्येक सेवेची एक लहान लेखी आज्ञावलि असे, त्या एकामागून एक चालत, आणि शेवटीं उरलेल्या सर्वांना सरसकट टर्म, कांहीं सेकंद विश्रांति, व नंतर सरसकट किल. सोपी रीत खरी, पण तिच्यांत एक भोंक होतें. एखादी प्रक्रिया मूल जन्मास घालून स्वतः निघून जाते. तें पोरकें मूल पहिल्या क्रमांकाच्या पदरीं येतें, आणि तें मूळचें कोणत्या सेवेचें हें कोणास ठाऊक नसतें. सेवेचा क्रमांक एका चिठ्ठींत लिहून ठेवीत. पण ती प्रक्रिया मेली, व तोच क्रमांक पुढें भलत्याच प्रक्रियेला मिळाला, म्हणजे ‘आटपा’ हा निरोप भलत्याच घरीं जाई.

२००८ सालीं कर्नेलमध्यें प्रक्रियांचे गट पाडण्याची सोय आली. मूल आईच्याच गटांत जन्मतें, आणि नुसतें पोरकें झाल्यानें तें गटाबाहेर जात नाहीं. २०१० मध्यें आलेल्या सिस्टमडी या व्यवस्थापक प्रोग्रॅमनें या सोयीचा पूर्ण उपयोग केला. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स-संचानें २०१५ सालच्या आवृत्तीपासून तोच पहिल्या क्रमांकावर बसविला, व आज बहुतेक मोठ्या संचांत तो असतो. तो प्रत्येक सेवेला स्वतंत्र गट देतो. सेवा थांबवितांना तिची स्वतःची निरोपाची रीत सांगितलेली असेल तर ती आधीं पाळतो, मग गटांत जे कोणी उरले असतील त्या सर्वांस टर्म, मग थांबतो. सामान्यतः हा थांबण्याचा काळ नव्वद सेकंदांचा असतो, व सेवेगणिक तो बदलतां येतो. तो संपल्यावर मात्र जे राहिले त्यांस किल. या वाट पाहण्याचा कंटाळा कोणाला येत नाहीं? फेडोरा नांवाच्या संचानें २०२३ सालीं आपला काळ पंचेचाळीस सेकंदांवर आणला. आम्हांला स्वतःला नव्वद बरे वाटतात; पण आमचें दुःख ताजें आहे हेंहि खरें.

कोणाला आधीं थांबवावें याचाहि नियम आहे, व तो आम्हांस फार आवडतो: जो सर्वांच्या मागून आला तो सर्वांच्या आधीं जातो. सकाळीं आधीं पाणी येतें, मग चूल पेटते, मग मुलें जेवावयास बसतात. रात्रीं हाच क्रम उलटा हवा. मुलें ताटावर असतांना चूल विझविली, किंवा भांडीं घासावयाचीं असतांना पाणी तोडलें, तर काय होईल? समजा, आपल्या फाईली दुसऱ्या खोलींतील मोठ्या संगणकावर आहेत व जाळ्यावरून आपण त्या वापरतों. यंत्र सुरू होतांना आधीं जाळें जागें होतें, मग तें दूरचें कपाट जोडलें जातें, मग निबंधाचा प्रोग्रॅम उघडतो. बंद होतांना आधीं निबंध मिटला पाहिजे, मग कपाट, मग जाळें. चुकून जाळें आधीं तुटलें तर कपाट मिटण्यासाठीं ज्याच्याकडून होकार हवा तो मोठा संगणक पलीकडे राहतो, आणि आपलें यंत्र कधींहि न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतें. हा अनुभव जगभरच्या व्यवस्थापकांनीं घेतलेला आहे. ज्या सेवांचा परस्परांशीं संबंध नाहीं त्या मात्र एकाच वेळीं थांबविल्या जातात. त्यामुळें एरवीं सारें काम थोड्या सेकंदांत आटोपतें.

सेवा संपल्यावर शेवटचा अंक येतो. पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया आपलें रूप टाकून एका लहानशा, केवळ याच कामाच्या प्रोग्रॅमचें रूप घेते. तो चुकून राहिलेल्या प्रत्येकीला पुन्हा एकदां टर्म पाठवितो, थांबतो, व मग किल. यांतूनहि एक अपवाद ठेवलेला आहे: जिच्या नांवाचें पहिलें अक्षर ‘ॲट’ हें चिन्ह आहे अशी विशेष अधिकाराची प्रक्रिया सोडून देतात, कारण कधीं कधीं मूळ चकतीच एखाद्या प्रक्रियेच्या आधारें चाललेली असते, आणि आपण बसलेली फांदी तोडणें बरें नव्हे. मग चकत्या मिटल्या जातात. जी मिटतां येत नाहीं ती निदान ‘फक्त वाचावयाची’ केली जाते. कच्च्या वहींतील राहिलेलें सर्व चकतीवर जातें. आणि अखेर कर्नेलला विनंति होते कीं आतां वीज सोडा.

ही विनंति एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमच्या हातून चुकून होऊं नये म्हणून कर्नेल तिच्याबरोबर दोन ठराविक संख्या मागतो. षोडशमान पद्धतींत लिहिली असतां पहिली इंग्रजी अक्षरांत जवळजवळ ‘फील डेड’ अशी वाचतां येते. दुसरीसाठीं ६७२२७४७९३ ही संख्या चालते. वरच्या वर्गांतील मुलांनीं ती स्वतः षोडशमान पद्धतींत मांडून पाहावी. उत्तर २८१२१९६९ आलें तर हिशेब बरोबर आहे, आणि २८ डिसेंबर १९६९ हा टॉरव्हाल्ड्स यांचा जन्मदिवस आहे.

आतां त्या शनिवाराकडे वळूं. छायाचित्रांची पट्टी भरून नाहींशी झाली तेव्हां छायाचित्रें कर्नेलच्या स्मृतींत पोहोंचलीं होतीं. स्वस्तांतल्या त्या पेन-ड्राइव्हवर तीं अजून थेंबाथेंबानें उतरत होतीं. कविता त्या रांगेच्या शेवटीं उभी राहिली. यंत्र बंद करण्याची आज्ञा मिळतांच सिस्टमडीनें पेन-ड्राइव्ह मिटावयास घेतला, आणि पडद्यावरची ती ओळ हेंच सांगत होती कीं हा मिटण्याच्या कामांत आहे, व जास्तींत जास्त एक मिनिट तीस सेकंद थांबूं. अशा वेळीं मिटण्याचें काम करणारी प्रक्रिया उपकरणाच्या उत्तराची वाट पाहत गाढ निजलेली असते. या निजेंत कर्नेल तिला कोणत्याहि संकेतानें उठवीत नाहीं. नववा संकेतसुद्धां उशाशीं पडून राहतो, व लिहिणें पुरें झाल्यावरच लागू होतो. म्हणजे ज्या यंत्राला आम्ही अडकलेलें समजलों तें त्या घटकेला आमचेंच काम करीत होतें. किती सेकंद उरले होते हें आतां सांगतां येणार नाहीं. विजेचें बटण दाबून धरलें असतां यंत्र कर्नेलला विचारीत नाहीं. टर्म नाहीं, किल नाहीं, कांहींच नाहीं. वीज जाते.

पालकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां संगणक आहे, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठीं. पेन-ड्राइव्ह काढण्यापूर्वीं पडद्यावरील ‘सुरक्षित काढा’ ही आज्ञा द्यावी, व काढण्यास हरकत नाहीं असें यंत्रानें म्हटल्याशिवाय त्यास हात लावूं नये. आज्ञा टंकणारांस ‘सिंक’ हा एक शब्दहि पुरतो. आणि पावसाळ्यांत वीज अवचित जाते, तिच्यापुढें वरील कोणताच शिष्टाचार चालत नाहीं. चकतीवर आधीं रोजनाम्यांत टिपून मग जागेवर लिहिण्याची पद्धति लिनक्समध्यें २००१ पासून रूढ होत गेली; तिच्यामुळें फाईलींची मांडणी बहुधा वांचते. पण जें चकतीपर्यंत पोहोंचलेंच नाहीं तें कोणताहि रोजनामा परत आणीत नाहीं, आणि बहुतेक पेन-ड्राइव्हवर हा रोजनामाहि नसतो. बॅटरीची पेटी घेतां आली तर घ्यावी.

ज्यांना हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं सुटीनंतर संगणकाच्या खोलींत यावें. आम्हीं एक पांच ओळींचा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. तो दर सेकंदाला एक आंकडा पडद्यावर मांडतो, आणि टर्म हा संकेत आल्यास काय करावें हें त्यास सांगितलेलें आहे. एका खिडकींत तो चालू करा, दुसरींतून त्याच्या क्रमांकाला पंधरावा संकेत पाठवा. फार तर एक सेकंद जाईल. तो ‘निरोप मिळाला, वही मिटतों’ अशी ओळ लिहील व थांबेल. मग पुन्हा चालू करा, आणि या वेळीं नववा पाठवा. आंकडे मध्येंच तुटतील, निरोपाची ओळ येणार नाहीं. त्या जागीं ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उमटेल, आणि तो त्या प्रोग्रॅमनें लिहिलेला नसेल. ज्या आज्ञाखिडकींतून तो जन्मला, तिनें लिहिलेला असेल.